टाकीच्या ओळखीचं ओझं

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगते. यंत्रावर आहे. म्हणूनच ऐका.

विट्याच्या पुढे एका गावात पाण्याची नवी टाकी तपासायला गेले होते. टाकीच्या खालीच अंगणवाडी, सतरा पोरं. माझी सही झाली की टाकी सुरू. खांबांना मी आठ सेन्सर चिकटवले. काँक्रीट आतून तडकताना बारीक आवाज होतो, आपल्या कानाला न येणारा. तो हे सेन्सर पकडतात आणि स्क्रीनवर ठिपका उमटतो. नवं काँक्रीट पहिल्यांदा ओझं घेताना थोडं कुरकुरतंच, त्यात काही वावगं नाही. एकदा पेललेलं ओझं पुन्हा दिलं, तर मात्र ते गप्प राहतं. त्याला आठवण असते म्हणा ना.

भर बारा वाजता पाणी सोडलं. टाकी अर्धी झाली, मग काठोकाठ भरली. स्क्रीन कोरी. वर घुमणारं पाणी, ओल्या सिमेंटचा वास, बाकी काही नाही. बाभळीवरचे कावळेसुद्धा गप्प होते.

"बघा म्याडम, चकार शब्द न्हाई," ठेकेदार लालासाहेब खुशीत म्हणाला. "लय मजबूत हाय. करा सही."

मी सेन्सर पुन्हा तपासले, आठही चालू होते. गप्प, म्हणजे हे ओझं टाकीच्या ओळखीचं होतं.

"ही टाकी आधी कधी भरली होती?"

"कशी भरंल? पाइप आज सकाळी जोडलाय की!"

"मग एवढं ओझं हिनं कधी पेललं?"

त्याचं हसू गेलं. त्यानं वर पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ते इचारू नगा... गडी वर चढत न्हाईत, तवापासनं..."

"कधीपासून?"

"म्याडम... सही करा आन् जावा."

मला कुणी 'जा' म्हटलं की मी बसते. घमेलं पालथं घालून बसले आणि अंगणवाडीच्या राहीबाईंना हाक मारली. "पोरं घरी न्या. आत्ता!"

"आवं ताई, मी कवापासनं तेच म्हंतीया, कोन ऐकतंय!" त्यांनी दोघांना काखोटीला मारलं, बाकीची त्यांचा पदर धरून निघाली.

मग टाकी रिकामी करायला लावली. शेवटची धार आटली... आणि स्क्रीनवर ठिपका उमटला. मग दुसरा. मग मोजता येईनात. कोरड्या टाकीवर ओझं चढत होतं, काठोकाठ पाण्याहून जड. खांबाला हात लावला, खांब थरथरत होता. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण सतरा पोरांच्या डोक्यावर मी हे राहू देणार नव्हते, मग ते काहीही असो.

"म्याडम... चला..." लालासाहेब पुटपुटला.

"सही हवी होती ना? थांबा." कागद मांडीवर घेतला, 'वापरण्यास धोकादायक' लिहिलं आणि खाली ठसठशीत सही केली.

मान वर केली, तर नवा ठिपका येईना. खांबही स्थिर. टाकीची लोखंडी शिडी मात्र वाजत होती, वरून खाली, एकेक पायरी... शिडीवर कोणी नव्हतं.

मी उठले नाही.