हाताआधी

वाहक विमानाच्या पोटाखाली लटकलेल्या ‘टिटवी’च्या कॉकपिटमध्ये शाल्मली काळभोर पट्ट्यांनी जखडून बसली होती. चौदा किलोमीटर खाली अरबी समुद्र होता. सुटायला सहा मिनिटं उरली होती. वायुदलात बावीस वर्षं लढाऊ विमानं उडवून ती निवृत्त झाली होती. आता एका खासगी कंपनीने माणसं न्यायला बांधलेलं पहिलं अंतराळयान ती एकटी तपासणार होती.

“हेल्मेट टोचतंय का?” कानात डॉ. फारूक मुकादमांचा आवाज आला. ते राजापूरजवळच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, धावपट्टीशेजारच्या नियंत्रण कक्षात बसले होते.

“टोचतंय. सवय झालीय आता.”

हेल्मेटच्या आत बारीक टोकांची एक जाळी होती. मुकादम त्या जाळीला हेतुवाचक म्हणत. वर्षभरापूर्वी पहिल्याच भेटीत त्यांनी शाल्मलीला ते समजावलं होतं.

“तुम्ही दांडा उजवीकडे ढकलता, त्याच्या सेकंदाचा तिसरा हिस्सा आधी मेंदूत तयारी सुरू होते. हेतुवाचक तेवढं पकडतो आणि हात हलायच्या आत यानाला आज्ञा देतो. दांडा, पेडल, बटणं, सगळ्यांचं तेच. मागून हात पोहोचतो तेव्हा यंत्र तिकडे लक्ष देत नाही. काम आधीच झालेलं असतं.”

“एवढ्याशा वेळाने काय बिघडतं?”

“साठ किलोमीटरवर हवा जवळपास नसते. यान गिरकी घ्यायला लागलं की तिला अडवणारं काही नसतं. तुमचा हात पोहोचेपर्यंत ती आवाक्याबाहेर जाते. आम्ही संगणकावर नव्वद वेळा करून पाहिलं. नुसत्या हाताने एकदाही जमलं नाही.”

“मग सगळं संगणकावरच सोडा की.”

“संगणक माहीत असलेल्या चुका सुधारतो, मॅडम. पहिल्या उड्डाणात माहीत नसलेल्या चुका होतात.”

बरोबर अकरा वाजता ‘टिटवी’ सुटली. रॉकेट मोटर पेटली आणि शाल्मली पाठीला चिकटली. समुद्र मागे पडला, आकाश जांभळं होत काळं पडलं. पंचावन्न किलोमीटरवर यान डावीकडे कलंडायला लागलं.

बावीस वर्षांची सवय जागी झाली. विमान भिरभिरायला लागलं की उलट्या बाजूचं पेडल जोरात दाबायचं. पण पातळ हवेत ते चूक, हे तिला तत्क्षणी आठवलं आणि तिने पाय आवरला. पाय जागचा हलला नाही, तरी पंखांच्या टोकांवरचे वायूचे फवारे पूर्ण ताकदीने सुटले आणि यान गर्रकन उजवीकडे फिरलं.

“मी काही केलं नाही!” ती ओरडली. “पाय हललासुद्धा नाही!”

“मनात आलं होतं?”

“आलं होतं. मी आवरलं.”

“आवरायला तुम्हाला वेळ मिळतो. यंत्र पहिल्याच संकेतावर काम करून मोकळं होतं.”

हे कळलं आणि परिस्थिती आणखी बिघडली. ती सुधारायला जाई, हे बरोबर का, अशी शंका येई, ती थांबे. आणि तिने सोडून दिलेलं प्रत्येक पाऊल यंत्र उचले. काचेतून समुद्र, काळोख, सूर्य, पुन्हा समुद्र असं चक्र सुरू झालं.

“हेतुवाचक बंद करते.”

“थांबा! हाताने जमणार नाही!”

डाव्या गुडघ्याजवळ त्याचं बटण होतं. ते चालू असताना त्यावर जळणारा हिरवा दिवा डोळ्यांत खुपतो म्हणून तिनेच सरावात त्याला काळी चिकटपट्टी लावली होती. तिने चाचपून बटण दाबलं आणि दांडा धरला. आता मध्ये कुणी नव्हतं. जे सुचलं ते तिने केलं. पाचव्या गिरकीला वेग ओसरला, नवव्या गिरकीला यान थांबलं.

मोटर विझली. त्याच वेगाने यान एकशे तीन किलोमीटरपर्यंत चढलं. जुळणी करताना कुणाच्या तरी हातून पडलेला एक वायसर पॅनेलखालून तरंगत वर आला आणि तिच्या नाकासमोर सावकाश फिरत राहिला. तिला हसू फुटलं. मुकादमांना तिने ते सांगितलंही, पण ते फक्त म्हणाले, “उंची कमी होतेय. लक्ष द्या.” पुढे जमिनीला टेकेपर्यंत ते आकड्यांपलीकडे एक शब्द बोलले नाहीत.

सड्यावर टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. दुपारी ती मुकादमांच्या खोलीत शिरली.

“डॉक्टर, तुमचं यंत्र भंगारात काढा. मी हाताने उतरवली.”

त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर दोनच ओळी होत्या. ‘हेतुवाचक बंद: मेंदूच्या संकेतावरून.’ आणि सेकंदाचा तिसरा हिस्सा उलटल्यावर, ‘हेतुवाचक चालू: बटणावरून.’

“बंद करायचं तुम्ही ठरवलंत तेव्हाच यंत्राने ते वाचलं आणि ते बंद झालं,” मुकादम म्हणाले. “मग तुमचं बोट पोहोचलं. एरवी मागून येणाऱ्या हाताकडे यंत्र लक्ष देत नाही. पण त्या घटकेला ते बंदच होतं. बटण एकदा दाबलं की बंद, पुन्हा दाबलं की चालू.”

शाल्मली खुर्चीत बसली. “म्हणजे शेवटपर्यंत चालू होतं? मग गिरकी कशी थांबली?”

“ते बंद आहे असं तुम्हाला वाटत होतं. त्यामुळे तुम्ही मनातलं काहीच आवरलं नाहीत.”

“तुम्हाला हे कधी दिसलं?”

“लगेच.”

“आणि गप्प बसलात?”

“सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा शंका घेतली असती.”

तिने कागदाची घडी घालून तो टेबलावर ठेवला. “आता मला माहीत झालं. म्हणजे या यंत्रासकट मी ‘टिटवी’ कधीच उडवू शकत नाही.”

“नाही.”

“सांगितलं नसतं तर?”

“दहा दिवसांनी दुसऱ्या उड्डाणात तुम्ही उत्तम उडवलं असतं. कंपनीच्या संचालकांचं तेच म्हणणं होतं, तुम्हाला सांगूच नये.” मुकादमांनी चष्मा काढला. “पण तेव्हा तुमच्यामागे दोन माणसं बसणार होती. मला एका चिकटपट्टीच्या भरवशावर तिघांना वर पाठवायचं नव्हतं.”

“आज्ञा द्यायच्या आधी यंत्र थोडं थांबलं तर?”

“तर ते हाताइतकंच संथ होईल. मग ते कशाला हवं?”

दुसरं उड्डाण रद्द झालं. हेतुवाचक काढला, शेपूट रुंद केलं, गिरकी सावकाश वाढेल अशी मोटर बसवली. याला चौदा महिने लागले. मागची दोन आसनं रिकामी ठेवून शाल्मलीच पुन्हा वर गेली.

साठ किलोमीटरवर यान डावीकडे कलंडलं. पेडल दाबायची जुनी ऊर्मी आली. तिने ती आवरली, आणि या वेळी काहीच घडलं नाही. मग तिने दांडा उजवीकडे ढकलायचं ठरवलं. ठरवणं आणि हात यांच्यामधला वेळ आयुष्यात पहिल्यांदाच तिला लांबलचक वाटला. तेवढ्या वेळात ‘टिटवी’ एकवीस अंशच कलंडली.

मग हात पोहोचला.