वेण्णारच्या बांधावरचा तिसरा आकडा

हे खरं घडलंय. बनवून सांगायचं असतं तर मी स्वतःला थोडं शूर तरी केलं असतं.

१९९४. पोंगलनंतरचा रविवार, भर दुपारचे बारा. जागा... तंजावूरबाहेर वेण्णार नदीचा बांध.

त्या वर्षी आमच्या घरात केबल आली आणि आतेभाऊ प्रणवेशच्या पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. शूज आले, म्हणून चालणं आलं.

"साईराम, तिरुवैयारुपर्यंत पायी जाऊ. शुद्ध हवा!"

मी रबरी चपलेत निघालो.

बांधावर चिटपाखरू नव्हतं. मग लक्षात आलं... पाण्याचा आवाजही नव्हता.

नदी तर वाहत होती.

पुढे चिंचेखाली एक म्हातारी. शेजारी गाठोडं. तमिळमध्ये म्हणाली, "तंबी, एवढं जरा घेऊन चला."

मी उचललं. अगदी हलकं. ती मागून येऊ लागली.

चार पावलांवर... गाठोडं जड झालं.

आता आम्हा तंजावूरच्या मराठी लोकांना एक खोड आहे. भाजीवाल्यासमोर, कंडक्टरसमोर, मराठीत खुशाल काहीही बोलायचं. कुणाला कळतंय?

प्रणवेश हसऱ्या चेहऱ्याने मराठीत म्हणाला, "हिला सावली नाही. मी तीन म्हटलं की गाठोडं टाक आणि पळ."

"मला सोडून जाशील."

"अरे, सख्ख्या मामाचा मुलगा तू. सोडेन का?"

"एक..."

"दोन..."

"तीन," म्हातारी म्हणाली.

मराठीत.

प्रणवेश शूजसकट उडाला. माझ्या हातून गाठोडं सुटेना.

"दोघांतला कोण देता?" तिने विचारलं. तिचं मराठी आमच्यापेक्षा चांगलं होतं, हे त्याही अवस्थेत मला लागलं.

लांबवर प्रणवेश थांबला. वळला. मला वाटलं, परत येतोय.

"तो! वेंकटरावांचा साईराम! मेल वीथी, दुसरं घर, निळं दार!"

पिनकोड तेवढा राहिला.

म्हातारीने गाठोडं माझ्या हातून अलगद घेतलं.

"आज नको. पत्ता मिळाला."

पाण्याचा आवाज सुरू झाला. बांधावर मी एकटाच होतो.

घरी पोचलो तर प्रणवेश आईसमोर बसून सांबार-भात जेवत होता. "मामी, साईराम येतोय मागून," असं सांगून. माझ्या वाटचा पापडसुद्धा त्याने खाल्ला.

पुढच्या वर्षी, पोंगलनंतरचा रविवार, दुपारी बारा. निळ्या दाराबाहेर कुणीतरी म्हणालं... "एक."

या वर्षी... "दोन."

मी कुणालाही सांगितलं नाही. फक्त दार हिरवं रंगवलं. आईने विचारलं, तर म्हणालो वाळवी लागलीय.

गेल्या आठवड्यात बंगळूरहून प्रणवेशचा फोन आला. नोकरी, हवा, नवे शूज. मग आवाज एकदम खाली आणून त्याने विचारलं,

"साई... तिची मोजणी कितीवर आलीय रे?"

दार आता हिरवं आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. पुन्हा पत्ता दिला तर?