रीडिंग संपू दे

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. माझी शाळा लवकर सुटली, शब्द साधेच येतात. गोष्ट माझ्या थोरल्या भावाची आहे. त्याने दबक्या आवाजात सांगितली, तशी लिहितोय.

दादा तेव्हा कॉलेजात फिजिक्स शिकत होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका मोठ्या संस्थेत संशोधनाचं प्रशिक्षण मिळालं आणि त्याला आभाळ ठेंगणं झालं. शेवटी तिथल्या सरांनी शिफारसपत्र दिलं तर पुढचं शिक्षण, नाहीतर गाशा गुंडाळून घरी.

काम अंधाऱ्या खोलीत. तिथे उजेडाचे कण मोजणारी एक काचेची नळी होती. ती चालू असताना दार किलकिलं जरी झालं, तरी जळून जायची. आतली रीतही ठरलेली. जागेवरून हलण्याआधी 'हलतोय' म्हणायचं, म्हणजे काळोखात टक्कर होत नाही.

"गेल्या वर्षीचा पोरगा इथेच गेला," कामातल्या जोडीदाराने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "नळी गार ठेवायचा नायट्रोजन खोलीत भरला. जीव गुदमरत होता, तरी हा फोनवर सरांना विचारत बसला, दार उघडू का म्हणून."

"मग?"

"सर म्हणाले, रीडिंग संपू दे." तो कडवट हसला. "आता पंखा बसवलाय. नळी मात्र तीच आहे, ठणठणीत."

शेवटच्या दुपारी जोडीदार चहा आणायला गेला. थोड्या वेळाने दार वाजलं, आतून कडी पडली. जोडीदारच आला असं धरून, मागे न बघता दादाने दिवा घालवला आणि नळी चालू केली.

"हलतोय," कोपऱ्यातून आवाज आला.

"हल की. टेबल पाडू नकोस म्हणजे झालं, रेड्या."

"हलतोय..." आता अगदी जवळून. फ्रीज उघडल्यावर येते तशी गार, कोरडी हवा गालाला लागली.

तेवढ्यात दारावर थाप पडली. "अरे ए शास्त्रज्ञा! मला बाहेर ठेवून कडी घातलीस होय? चहा निवतोय!"

दादा चाचपडत दाराकडे गेला. हात कडीपर्यंत पोचला... आणि तिथेच थांबला. नळी चालू होती.

कानाशी कुणीतरी कष्टाने श्वास ओढत होतं.

"सर... दम कोंडतोय. उघडू का?"

त्याला आजवर कुणी सर म्हटलं नव्हतं. शब्द आपसूक बाहेर आले.

"रीडिंग संपू दे."

"बरं, सर."

अगदी आज्ञाधारक आवाज. मग कुणीतरी त्याच्या पायाशी खाली बसलं.

रीडिंग नमुनेदार आलं. सरांनी पाठ थोपटली. "धीराचा आहेस. सकाळी पत्र घेऊन जा."

सकाळी दादा तोंड धुऊन वसतिगृहातल्या आपल्या खोलीशी आला. खोली रिकामी होती, दार त्यानेच ओढून घेतलेलं. आतून लाकडावर हळूच बोटं वाजली.

"सर... संपलं का रीडिंग? आता उघडू?"

दादाने बाहेरून कडी घातली, आणि पत्र आणायला गेला.