सशाचा अर्थ

ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल हसावं. पण हे घडलेलं आहे.

माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, मला समोर बसून सांगितलं आणि सांगताना चहाला हातही लावला नाही. दादा थापा मारणाऱ्यातला नाही. तो कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितो. दोन आणि दोन चार यापलीकडे त्याची कल्पना धावत नाही.

जागा म्हणजे त्यांच्या घरातली मागची खोली. आणि वेळ रात्रीची नव्हती. रविवारची भर दुपार होती, खिडकीतून लख्ख ऊन आलेलं.

आधी मावशीचं सांगतो. दादाच्या आईचं.

मावशीला झटका आला आणि उजवं अंग गेलं. वाचाही गेली. एके काळी ती बोलायला लागली की काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, 'हं' म्हणायलासुद्धा फट सापडायची नाही. आता घर खायला उठायचं.

मागच्या खोलीत तिच्या खाटेशेजारी कॉम्प्युटर मांडून दादाने तिच्यासाठी एक साधा प्रोग्राम लिहिला. पडद्यावर इमोजींची चित्रं. तिने डाव्या हाताने माऊस दाबला की चित्र वरच्या चौकटीत जाणार, आणि खालच्या चौकटीत शब्द उमटणार. काकांना स्वयंपाकघराच्या दारातून वाचता येतील एवढे मोठे.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. दादाने छत्रीसाठी 'छत्री' आणि माशासाठी 'मासा' असंच घातलं होतं. मावशीने छत्री दाबली, पडद्यावर 'छत्री' आलं, आणि ती रडायलाच लागली.

"अरे, पाणी हवंय तिला," काका म्हणाले.

आजाराने तिच्या डोक्यातली चित्रं आणि अर्थ यांची सरमिसळ करून टाकली होती. ती कळायची फक्त काकांना. मग काका सांगत गेले आणि दादा घालत गेला. छत्री म्हणजे पाणी. सायकल म्हणजे पाठ दुखतेय. मासा म्हणजे लेकाला बोलवा.

ससा मात्र काकांनाही कळेना.

रोज दुपारी ती ससा दाबायची आणि काकांकडे बघत राहायची. उशी हवी? चादर? कापूस? ती मान हलवायची... आणि भिंतीकडे तोंड करायची.

ज्या चित्राला अर्थ नाही, तिथे प्रोग्राम 'अर्थ सापडला नाही' असं दाखवायचा. काकांना ते खपलं नाही.

"आजारी माणसाला असं तोंडावर सांगतात का? 'थांब, शोधतोय' असं लिही."

"बाबा, मशीन आहे ते."

"मशीन असेल. वाचणारी तुझी आई आहे."

दादाने हसत हसत तसं करून दिलं.

मावशी गेली. ससा तसाच राहिला.

काकांनी ते मनाला लावून घेतलं. "काहीतरी मागत होती रे. आणि मी उशा आणून देत बसलो." भाड्याने आणलेली दवाखान्याची खाट त्यांनी परत पाठवली, पण कॉम्प्युटर बंद करू दिला नाही.

तर त्या रविवारी दादा दोन दिवसांसाठी घरी आला होता आणि बापलेक बाहेरच्या खोलीत बसले होते. घरात तिसरं कोणी नाही. आणि आतून आवाज आला...

टक्.

काका पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

टक्...

दादा आत गेला. खोली रिकामी. माऊस डाव्या बाजूला होता. सकाळी टेबल पुसताना त्याने स्वतः तो उजवीकडे ठेवला होता.

वरच्या चौकटीत ससा... खाली 'थांब, शोधतोय'.

प्रोग्राममध्ये घोळ असणार, अशी त्याने मनाची समजूत घातली. माऊसची वायर उपटली. कीबोर्डचीही उपटली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तो त्या खोलीच्या दारातच खुर्ची टाकून बसला. खाट होती तिथे आता नुसती फरशी. तिथूनच खाट वर करायच्या दांड्याची करकर ऐकू आली...

मग सगळं शांत झालं.

मग वरच्या चौकटीत आपोआप एक चित्र आलं. मासा.

खाली अक्षरं उमटली. लेकाला बोलवा.

"आलोय गं आई," दादाच्या तोंडून निघून गेलं. भीती वाटायच्या आधी त्याला रडू फुटलं.

माशाशेजारी ससा आला... थांब, शोधतोय.

तो तसाच बाहेर आला. "बाबा, तुम्हाला हे माहीत होतं?"

"रोज येते," काका म्हणाले.

"मग ससा म्हणजे काय ते शोधू या. एकदाचा अर्थ घालून टाकतो."

काका बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. मावशीच्या जुन्या पर्समध्ये सापडलेला. त्याला एक लाकडी ससा अडकवलेला होता, वापरून वापरून गुळगुळीत झालेला.

"बाहेर पडताना हा वाजवायची ती. 'निघू का मी?' म्हणायची. मी हो म्हटल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकायची नाही."

दादाला आता उलगडलं. आई इतके दिवस निघू का विचारत होती, आणि पडदा तिला थांब म्हणून सांगत होता.

"बाबा, मी बदलतो ते. 'हो, निघ' असं लिहितो."

"नको."

"ती अडकलीय हो."

"कळतंय मला." काका म्हणाले. "पण ती निघाली की मी काय करू?"

आईला मोकळं करावं तर बाप एकटा पडतो. बापाचं ऐकावं तर आई तिथेच ताटकळत राहते. आजतागायत त्याचा निर्णय झालेला नाही. मलाच विचारत होता, काय करू म्हणून.

संध्याकाळच्या गाडीसाठी त्याने बॅग उचलली. माऊसची वायर आत तशीच जमिनीवर पडलेली होती. तो चपला घालत असताना मागच्या खोलीत...

टक्.

काकांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. जुडगा मुठीत घट्ट धरून ते आतल्या दाराकडे वळले, आणि बायकोशी जन्मात कधी बोलले नसतील इतक्या मऊ आवाजात म्हणाले,

"थांब गं थोडं. शोधतोय."