फ्रेंड्स क्लबची विहीर

लातूर जिल्हा झाला आणि लगोलग दुष्काळ पडला. आधी बदलून आलेले साहेबलोक आले, मागोमाग पाण्याचे टँकर. मी, भीमाशंकर, तेव्हा फ्रेंड्स क्लबचा सेक्रेटरी होतो. नव्या अधिकाऱ्यांना बॅडमिंटनसाठी जागा हवी, म्हणून कमिटीनं आवारातली कोरडी विहीर बुजवायचं ठरवलं. नारळ सगळ्यांत जुन्या मेंबरच्या हातून फोडायचा होता. म्हणून मी स्कूटर काढली आणि विरूपाक्ष आप्पांना आणायला गेलो.

आप्पा ऐंशीच्या पुढचे. गळ्यात लिंग, पांढरंशुभ्र धोतर, गुडघे पार गेलेले. निजामाच्या काळात त्यांनी आणि त्यांच्या तीन मित्रांनी हा क्लब काढला. ते तिघं कधीच गेले होते. वाटेत आप्पा मागून सांगत होते, "आरं, क्लब कशाचा? आम्ही चौघं रोज सकाळी या विहिरीत पोहायचो. वर आलं की चहा. मग पत्ते आले, रेडिओ आला, बोर्ड लागला. पण क्लब सुरू झाला तो पाण्यात."

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मातीची ट्रॉली विहिरीजवळ उभी होती, मजूर लिंबाखाली टेकले होते.

"आधी मला एकदा खाली ने," आप्पा म्हणाले.

पायऱ्यांची विहीर ती. मी त्यांचा दंड धरून उतरू लागलो. जसजसं खाली जावं, तसतसा धुळीचा वास मागं राहिला आणि शेवाळाचा, ओल्या दगडाचा वास येऊ लागला. तळाला मात्र भेगाळलेला गाळ. आप्पा शेवटच्या पायरीवर बसले, पाय खाली सोडून.

आणि मला आवाज आला. कुणीतरी सावकाश हात मारत होतं. छप्... छप्... मग एक जोराची उडी पडली, तिचा आवाज भिंतींवरून घुमला. समोरचा गाळ तसाच कोरडा.

"आप्पा... वर जाऊ या..."

"थांब की. पोहायलेत ते." त्यांचा चेहरा फुलला होता. "धप्पकन पडला तो शिवप्पा. त्याला सूर कधी नीट मारता आला न्हाई. हा संथ चाललाय तो अण्णाराव." मग पुढं वाकून, हळूच, "संगप्पा... पाणी गार हाय का?"

मला उत्तर ऐकू आलं नाही. आप्पांनी मात्र मान डोलावली आणि हसले.

वर आल्यावर पाहिलं, त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत चिंब होतं. पाणी निथळत होतं.

"बुजवू नका," एवढंच ते म्हणाले.

भरावाची जमीन खचते, कोर्टाला तडे जातील, असं मी कमिटीला सांगितलं. थोडी कुरकुर झाली, शेवटी जुन्या टेनिस कोर्टावरच बॅडमिंटनची जाळी बांधली. आप्पा मग रोज संध्याकाळी यायचे आणि कठड्याला टेकून बसायचे. इतका सुखी म्हातारा मी दुसरा पाहिला नाही. श्रावणात ते झोपेतच गेले. चेहऱ्यावर तेच हसू होतं.

पाऊस त्याही वर्षी रुसलेलाच. एका संध्याकाळी मी कठड्यापाशी गेलो. भीती अशी वाटलीच नाही. खाली आता चौघांचा दंगा चालला होता. पाणी उडवणं, खोकणं, हसणं. ऐकून बरं वाटलं. मग एकाएकी सगळं शांत झालं.

"भीमाशंकर..." आप्पांचा आवाज, अगदी मायेचा. "सदरा वर ठेव अन् ये."

"मला पोहता येत न्हाई, आप्पा..."

खाली कुणीतरी हसलं.

उघड्या अंगाला गार वारा लागला तेव्हा मी भानावर आलो. मी शेवटच्या पायरीवर उभा होतो. कसाबसा वर चढलो. सदरा कठड्यावर होता, काठाला काठ जुळवून, बाह्या आत दुमडून, नीट घडी केलेला.

क्लबात मी अजून जातो. पत्ते खेळतो, मजेत असतो. पण सदऱ्याची घडी मला तेव्हाही घालता येत नव्हती, अजूनही येत नाही. घरी ती माझी बायको उमाबाईच घालते.