सत्त्याऐंशी किलोपास्कल

चंद्रावरील वसाहतीच्या प्रयोगशाळेत, पुण्याहून आलेले पाच दाबवेधक, म्हणजे हवेचा दाब मोजणारी उपकरणे, आठ दिवस परीक्षेस लावलेले होते. नवव्या दिवशी मुलाणींनी निकाल दिला.

"बाई, पाचही नापास! इथली हवा एकशे एक किलोपास्कल. यांनी सहा दाखवायला हवेत, दाखवतात चौदा. कारागिराला चष्मा लागलाय बहुतेक."

"तो कारागीर माझा नवरा आहे," हेमांगी सरंजामे म्हणाल्या.

मुलाणींनी जीभ चावली.

बाईंच्या मेजावर कायमच्या वास्तव्याचा अर्ज होता; सहीची मुदत आज संपत होती. नऊ वर्षांपूर्वी त्या चंद्रावर निघाल्या, तेव्हा नवऱ्याने, यशोधनने, एकच ओळ लिहिली होती : पाचगणीचे घर विकले, परतण्याची घाई करू नकोस. त्यानंतर दोघांनीही मौन हट्टाने पाळले. ते घर मात्र बाईंच्या मनातून हलले नव्हते.

त्यांनी एक वेधक उचलला. "मुलाणी, हा निर्वातापासून दाब मोजत नाही. या पातळ पटलामागे बंद कोष्ठ आहे. त्यात कोंडलेल्या हवेपेक्षा बाहेरचा दाब किती जास्त, एवढंच हा सांगतो. प्रमाणपत्राप्रमाणे कोष्ठ पुण्यात बंद केला; पुण्याची हवा पंचाण्णव, म्हणून सहा. चौदा आले, तर आत किती?"

"सत्त्याऐंशी. म्हणजे प्रवासात गळती!"

"पाचांतून अगदी सारखी? शिवाय गळक्या कोष्ठात इथली हवा शिरली असती, आठ दिवसांत चौदाचा आकडा उतरला असता. उतरला?"

"तसूभरही नाही."

"मग हे कोष्ठ बंदच झाले तेराशे मीटर उंचीवर."

"त्या उंचीची गावं काय थोडी आहेत?"

"गावं पुष्कळ. यशोधनची भट्टी असलेली पडवी एकच, पाचगणीच्या घराची." बाईंनी बुडाशी कोरलेली तारीख वाचली. ती दोन महिन्यांपूर्वीची होती; घर विकलेलेच नव्हते.

"एवढा काटेकोर माणूस, आणि प्रमाणपत्रावर पुणे लिहितो?"

"मागणीपत्रावर परीक्षक म्हणून माझं नाव होतं, मुलाणी. हा फरक कोण ओळखेल, ते त्याला ठाऊक होतं."

खात्रीसाठी म्हणून मुलाणींनी छिन्नी उचलली. बाईंनी वेधक मुठीत झाकला. आत मोहरीएवढी जागा. सिल्व्हर ओकच्या पानांत धुके अडकलेल्या त्या पडवीतली हवा.

"फोडू नका. इथली हवा आत जाईल, आकडा शून्यावर येईल आणि पाचगणी उरणार नाही."

"मग अहवालात काय लिहू?"

"वेधक अचूक आहेत." त्यांनी कोरा अर्ज घडी घालून दूर सारला. "आणि पृथ्वीकडे जाणाऱ्या परवाच्या यानात एक जागा आहे का, तेवढं विचारा."