बुजगावण्याची किल्ली

माझं काम चुका करायचं. पगार घेऊन करतो. आमच्या तीन माणसांच्या कंपनीने ईमेलला कुलूप लावायचा प्रोग्रॅम केलाय, आणि तो साध्या माणसाला जमतो का हे बघायला मी साधा माणूस बनतो. नको तिथे क्लिक करतो, पासवर्ड विसरतो, प्रोग्रॅमरला रडकुंडीला आणतो. मजा असते.

गोष्ट सोपी आहे. आपलं कुलूप सगळ्यांना वाटायचं, किल्ली आपल्यापाशी ठेवायची. तुमचं कुलूप लावून कोणीही पत्र पाठवावं, उघडणार फक्त तुम्ही. हे सगळं आम्ही एका हिरव्या बटणावर आणलं.

सरावासाठी एक खोटा पत्ता होता. त्याचं नाव आम्ही ठेवलं बुजगावणं. सराव करणाऱ्याने खरंच लिहायचं, ही आमची पद्धत. ‘अ ब क’ लिहिताना कोणी चुकत नाही, मनातलं लिहायला लागला की बोटं अडखळतात. ते कोणी वाचू नये म्हणून बुजगावण्याची किल्ली मीच मोडली. ज्या डिस्कवर होती ती काढून, सगळ्यांसमोर, हातोड्याने.

डिझायनर म्हणाली, “पुसली असती तरी चाललं असतं.”

“मला हातोडा आवडतो,” मी म्हटलं.

ताई महिन्यापूर्वी एक बॅग घेऊन माझ्याकडे राहायला आली. करंगळीचं हाड वाकडं जुळलेलं, पाठ दाखवायची नाही. भाऊजी तिची सगळी पत्रं उघडून वाचायचे. त्यामुळे त्यांनी काय काय केलं हे वकीलबाईंना लिहून पाठवायची तिला धास्ती. म्हटलं, आधी बुजगावण्याला लिही. हात बसला की बाईंना पाठव.

“तू वाचशील, नकल्या.”

“किल्लीचा चुरा झालाय. मी काय, देवसुद्धा वाचणार नाही.”

नियमाप्रमाणे मी पाठ फिरवून बसलो. तिने चार मिनिटं लिहिलं. बटण पहिल्या फटक्यात सापडलं. मी खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. “पुरे झाली चेष्टा.”

बुजगावण्याचं उत्तर होतं. दोनच शब्द: ‘कुठलं बोट?’ खाली आमची हिरवी खूण, ‘पाठवणारा तोच आहे.’ ती खूण किल्लीशिवाय उमटत नाही.

“मी नाही,” मी म्हटलं. पण माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? गल्लीत कुत्री व्याली तरी लोक माझ्याकडे बघतात.

“दिलंय मी उत्तर,” ती म्हणाली. “डाव्या हाताची करंगळी.”

संध्याकाळी तिच्या सासूचा फोन आला. भाऊजी दुपारी जेवायला बसले होते, डावा हात टेबलावर. करंगळी आपोआप चेपत गेली. सावकाश, कोणी दार लावत आणावं तशी. नख उडालं, मग हाड कातडीतून वर आलं. “जवळ दार नव्हतं गं,” सासू पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती.

ताईने फोन ठेवला, हात धुतले आणि जेवायला बसली. दोन घास जास्तच जेवली.

दुसरं पत्र: ‘इस्त्री किती तापली होती?’

“ताई, नको देऊस उत्तर.”

“तूच करतोयस ना हे? कर.” तिने लिहिलं. बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी भाऊजींच्या पाठीवर इस्त्री उमटली, टोकासकट. शर्टाला डाग नाही, चुणी नाही. दवाखान्यात शर्ट काढला तेव्हा कातडी त्याच्याबरोबर सोलून आली. सासूने हे सांगितलं तेव्हा मागे भाऊजी ओरडत होते. ताईने फोन स्पीकरवर टाकला आणि कपड्यांच्या घड्या घालत ऐकत राहिली.

मी ऑफिसात जाऊन बुजगावण्याचा पत्ता काढून टाकला. प्रोग्रॅमरनेही तपासलं. तिथे आता काहीच नव्हतं.

घरी आलो तर तिसरं पत्र आलेलं.

‘तेव्हा हाक कोणाला मारलीस?’

भाऊजींनी ताईच्या पाठीला इस्त्री लावली, त्या दिवशी तिने मला फोन केला होता. मागे भाऊजी काहीतरी म्हणाले. मग चर्र झालं. मग ती ओरडली. नवराबायकोच्या भांडणात आपण कशाला पडा, म्हणून मी म्हातारीचा आवाज काढला. मला छान जमतो. म्हटलं, “राँग नंबर आहे, बाळा,” आणि फोन ठेवला.

तिला कळलं नसेल, असं मी धरून चाललो होतो.

“नको लिहूस, ताई.”

“काय नको लिहू?” तिने मान वर केली. “मी काय लिहिणार हे तुला माहितीय?”



तिने कीबोर्डवर बोटं ठेवली. मी तिचा हात धरला. घट्ट. मुठीत ती वाकडी करंगळी आली आणि काहीतरी कडकन वाजलं. ती ओरडली नाही. भाऊजींकडे बघायची तशी माझ्याकडे बघत राहिली.

“सोड.”

मी सोडला.

तिने उरलेल्या बोटांनी दोन शब्द लिहिले, बटण दाबलं आणि लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेली. कडी लावली.

पाठवलेलं पत्र पाठवणाऱ्यालाही पुन्हा उघडत नाही. आम्हीच तसं केलंय.

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. मला पत्र होतं. हिरव्या खुणेसकट.

‘फोन कुठल्या कानाला होता?’

 मी लिहिलं: डाव्या. बटण दाबलं. सोपं आहे खरंच.

डाव्या कानाने मला लहानपणापासून काही ऐकू येत नाही, फोन मी उजव्यालाच लावतो. हे एका ताईलाच ठाऊक आहे.

आत तिच्या लॅपटॉपवर पत्र आल्याचं वाजलं. तोच प्रश्न आता तिला असणार.

आता तिच्या टाइप करण्याचा आवाज येतोय. अजून तरी येतोय.